जुईचं 'बास' आणि माझं एम.ए.

चाळिशी उलटलेली आई कॉलेजला जायला लागली की किस्से शोधावे लागत नाहीत. सकाळच्या कुकरपासून ते आपोआप साठत जातात. वर्गातल्या मुली डबा उघडायच्या आधीच विचारतात, "काकू, आज काय झालं?"

आम्ही बोईसरचे. माझ्या जुईला सेरेब्रल पाल्सी आहे. ती व्हीलचेअरवर असते. तिला बोलता येत नाही, म्हणून समोरच्या ट्रेवर चिकटवलेल्या, खाली शब्द लिहिलेल्या चित्रांवर हात ठेवते. त्यातली लाडकी दोन: 'पुन्हा' आणि 'बास'. मी पालघरला एम.ए. करते. लग्नाआधी ते अर्धवट सुटलं होतं, कारण चारचौघांत बोलायचं म्हटलं की माझी वाचाच बसते.

*

व्यायामात जुईने हात जरासा उचलला तरी मी टाळ्या वाजवते. कॉलेजच्या पहिल्याच आठवड्यात सरांनी एक अवघड मुद्दा संपवला आणि मी टाळ्या पिटत ओरडले, "शाब्बास! किती छान केलंस!"

सर माझ्या भाच्याच्या वयाचे. म्हणाले, "थँक यू, ताई. एवढं कौतुक घरीसुद्धा होत नाही!"

*

कँटीनमध्ये उमरोळीची धनश्री शेजारी होती. गप्पांच्या नादात मी तिचा वडा कुस्करला, चमच्यात घेतला, तिच्या तोंडासमोर धरला आणि स्वतःच 'आ' केला.

तिने निमूट खाल्ला. "काकू, आता तोंड पण पुसा!"

रुमाल मी आधीच काढला होता.

*

परीक्षेला घाईत बॅगच बदलली. पर्यवेक्षकांसमोर उघडली तर आत डायपर, लाळेरं आणि पावडर!

ते गंभीरपणे म्हणाले, "मॅडम, पेपर तीनच तासांचा आहे."

*

शेवटी प्रेझेंटेशन होतं. ते नाही जमलं तर वर्ष वाया. मी घरी जुईपुढे सराव करायचे. "आदरणीय सर आणि मित्रमैत्रिणींनो" म्हटलं रे म्हटलं, की तिचा हात 'बास'वर!

तिला सांभाळणारी विमल हसून म्हणायची, "ताई, तुमच्या सरांकडं ट्रे नाय, म्हणून वाचलात!"

*

नेमकं प्रेझेंटेशनच्या दिवशी विमलच्या घरी लग्न, माझ्या नवऱ्याची कंपनीत पहिली पाळी. मग जुईला घेऊनच गेले. मुलांनी व्हीलचेअर उचलून थेट पहिल्या बाकापुढे ठेवली.

मी सुरुवात केली. जुई वर्ग न्याहाळण्यात गुंग होती, म्हणून 'बास' आलं नाही. जरा पुढे गेले आणि पाठ केलेलं सगळं डोक्यातून गेलं. मी कागद उलटसुलट चाळले, तरी पुढचं सापडेना.

शेवटी सर उठले. हळूच म्हणाले, "ताई, बास करू या का? पुढच्या वर्षी द्या."

मी मान हलवली आणि कागद गोळा करायला लागले. तेवढ्यात ट्रेवर थाप पडली. जुईचा हात. सगळे वाकून बघू लागले. धनश्रीने मोठ्याने वाचलं, "पुन्हा!"

सर परत खुर्चीत बसले.

मी घसा खाकरला. "आदरणीय सर आणि मित्रमैत्रिणीं..."

जुईचा हात 'बास'कडे सरकला.

मी आदर तिथेच सोडला आणि सरळ विषयावर आले. हात थांबला.