खुर्च्यांवरून उठलेली मैफल

मुलांनो,

परवा फोनवर तुम्ही दोघांनी एकदमच विचारलंत, "आजी, भोंगा आजोबांच्या कार्यक्रमाचा व्हिडिओ पाठव ना." कार्यक्रम झाला तेव्हा तुमच्याकडे पहाट होती आणि तुम्ही झोपेत होतात. तो काही गुन्हा नाही. पण व्हिडिओ नाहीच. तो ठेवायचा नाही अशी त्यांची अट होती आणि मी ती पाळली. तेव्हा तो कार्यक्रम तुमच्यापर्यंत पोचायचा तर माझ्या लिहिण्यातूनच पोचेल, आणि सगळं क्रमवार आठवतं आहे तोवर लिहून टाकलेलं बरं.

आपल्या झाडीपट्टीत धानाचे जेवढे वाण पिकतात, त्याहून जास्त तऱ्हांनी एकच गाणं वाजवू शकणारा माणूस एकच आहे. तो माझा दीर आहे, याचा मला आयुष्यभर अभिमान आणि आयुष्यभर ताप होत आला आहे. ते तुमच्या आजोबांचे मावसभाऊ. मी त्यांना भाऊजी म्हणते, बँडवाले मास्तर म्हणतात, आणि तुम्ही लहानपणी त्यांच्या सॅक्सोफोनला भोंगा म्हणायचात म्हणून ते तुमचे भोंगा आजोबा. मी जन्मभर शाळेच्या घंटेवर जगलेली बाई. भाऊजींनी घंटा कधी ऐकलीच नाही. जेवायला बोलावलं तर वरण निवल्यावर येत. एकदा मी रागावले तेव्हा शांतपणे म्हणाले, "वहिनी, वेळेवर तं पोस्टमन येते. आपण तालाच्या जरासं मागं राहावं, मंग गोडी येते." सॅक्सोफोनच्या तोंडाला बोरूची एक पातळ पट्टी बांधतात, तिला रीड म्हणतात. वाजवण्याआधी ती ओली करावी लागते, आणि ती भिजवायला भाऊजींना माझ्या पाहुण्यांच्या बशाच लागत. एकदा शाळा तपासायला आलेले साहेब घरी चहाला आले, त्यांनी त्याच बशीत चहा ओतला आणि ओठाला लागलेली पट्टी चहापत्तीतली काडी समजून बोटांनी काढू लागले. भाऊजी दारातून ओरडले, "साहेब, तिले मोडू नका! संध्याकाळी तिलेच वाजवाचं आहे!"

हे वाद्य त्यांच्या हाती कसं आलं, याच्या कितीतरी कथा मी त्यांच्याच तोंडून ऐकल्या. एकीत बावनथडीला पूर आलेला असे, दुसरीत नदी कोरडी आणि तिच्या वाळूत बैलगाडी रुतलेली. मी मास्तरणीच्या सवयीने विसंगती दाखवली की म्हणत, "गोष्ट तेच आहे वहिनी, वाजवली वेगळी." सगळ्या कथांत सारखा राहणारा भाग एवढाच, की नाकाडोंगरीकडच्या मँगनीजच्या खाणीवर ते विजेचं काम करत, तिथल्या क्लबात एक पियानो होता, आणि कलकत्त्याहून आलेले एक इंजिनिअर साहेब रोज संध्याकाळी त्यावर जॅझ वाजवत. दिवा दुरुस्त करायला गेलेले भाऊजी शिडीवरच बसून राहिले. साहेब म्हणाले, "उतरो, और सीखो." आणि ते शिकले. ओळखीची चाल घ्यायची, तिला घराबाहेर मोकळी सोडायची आणि दिवेलागणीच्या आत परत आणायची. जॅझ म्हणजे काय ते मला भाऊजींनी असं समजावलं होतं.

घरी मात्र वादळ झालं. बौद्ध झाल्यावर आपल्या घरांनी दुसऱ्यांच्या दारी वाजवणं सोडलं होतं, आणि ते किती निग्रहाने सोडलं होतं हे तुम्हाला तिकडे बसून कळणं कठीण आहे. माझे सासरे शांत माणूस, पण त्या दिवशी गरजले, "जे खाली ठेवाले आमचा जन्म गेला, ते तू उचलून आणलं?" भाऊजी म्हणाले, "मावसाजी, हे मी कोनाच्या दारात उभं राहून नाही वाजवत. खुर्चीवर बसून वाजवतो. टाय लावून." सासऱ्यांनी पुढे एकदा क्लबाच्या खिडकीतून हळूच पाहिलं. खुर्ची होती, टाय होता. त्यानंतर ते काही बोलले नाहीत.

साहेब कलकत्त्याला परतले तेव्हा भाऊजींनाही घेऊन गेले. तिथल्या मोठ्या हॉटेलात दोघे काही वर्षं एकत्र वाजवत होते. मग इकडे वडील आजारी पडले, शेती पडीक राहिली, भाऊजी परतले, आणि जॅझचं गिऱ्हाईक काही तुमसरच्या बाजारात मिळत नाही, म्हणून लग्नाच्या बँडमध्ये शिरले; सासऱ्यांना सांगितलेली खुर्ची तिथे सुटली. साहेबांना ते मुळीच रुचलं नाही. "बारात में जाएगा तो सब भूल जाएगा," एवढंच ते म्हणाले, आणि हे वाक्य भाऊजींच्या मनात कुसळासारखं अडकून राहिलं. भुलले वगैरे काही नव्हते, उलट वराती बिचाऱ्या भुलून जात. बपेऱ्याच्या एका लग्नात सिनेमाचं गाणं वाजवता वाजवता ते असे काही निसटले की नाचणारी पोरं हात वर करूनच थांबली. नवरदेवाचा मामा घोड्यापुढे आडवा आला. "ओ मास्तर, गाणं कुठं गेलं आमचं?" भाऊजींनी क्षणभर तोंडातून नळी काढली. "जंगलात गेलं आहे. येते वापस, तुमी चालत राहा." आणि खरोखर, मांडवाच्या दाराशी गाणं असं परत आलं की त्या मामाने फेटा उडवला. त्यांच्या तालमीत तयार झालेले चौघे अजून त्यांच्यासोबत आहेत: ट्रंपेटवाला, मोठ्या कर्ण्यावाला, खुळखुळेवाला आणि ताशेवाला. हीच त्यांची मंडळी.

यंदा दातांच्या डॉक्टरने सांगितलं की वरचे पुढचे दात आता काढावेच लागतील. सॅक्सोफोन वाजवताना हेच दात नळीवर टेकवायचे असतात. म्हणजे आपल्याला दाताशिवाय चावायला जड जातं, तसं त्यांना दाताशिवाय बोलायलाच जड जाणार. भाऊजी डॉक्टरकडून सरळ माझ्याकडे आले आणि आयुष्यात पहिल्यांदा जेवणवेळेआधी आले. म्हणाले, "वहिनी, साहेब अजून हायेत कलकत्त्याले. खाटेवर हायेत, पण कान शाबूत हायेत. दात हायेत तोवर त्यायले एकदा ऐकवाचं आहे का मी काही भुललो नाही. तुमच्या त्या मोबाइलवर होईल काय?" लॉकडाउनमध्ये मी मुलांना मोबाइलवर इंग्रजी शिकवलं होतं, त्यामुळे होईल म्हणाले. साहेबांच्या लेकीला फोन करून दिवस ठरवला, आणि कार्यक्रम सगळ्यांना बघता येईल असा लाइव्ह ठेवला. "पण साठवाचं नाही," त्यांनी बजावलं. "वाजवलेलं पुन्हा पुन्हा ऐकणं म्हणजे कालचं जेवण आज चघळणं."

आपल्या अंगणात मोबाइलला रेंज फक्त पेरूच्या झाडाखाली मिळते, म्हणून फोन तिथे स्टँडवर घट्ट बसवला. समोर पाच खुर्च्या. चौघांनाही भाऊजींनी टाय लावायला लावले होते. ताशेवाल्याने तालमीच्या दिवशीच कुरकुर केली होती, "मास्तर, आमाले बसून वाजवणं जमत नाही. पाय नाही हालला का हात नाही हालत." "साहेब पाहून राहिले," भाऊजी म्हणाले होते. "खुर्चीवर बसा, मानसासारखे." त्या खुर्च्यांत सासऱ्यांना दिलेला शब्द होता आणि कलकत्त्याच्या हॉटेलातला मानही होता, मी मध्ये पडले नाही.

आणि मैफल फसली. चौघे शाळेत फोटोला बसवल्यासारखे ताठ झाले. ताशेवाल्याचा ठेका गुडघ्यातच अडकला, ट्रंपेटवाला घाबरून आधीच शिरला, मोठा कर्णा कुठेतरी मागे दम खात राहिला, आणि खुळखुळ्यांचा आवाज एखाद्याला थंडी वाजावी तसा येऊ लागला. भाऊजी एकटे ओढत होते, पण चौघांना पाठीवर घेऊन कोण पळणार? पडद्यावर कुणी लिहिलं, "आवाज नीट येत नाही." आवाज नीट येत होता, हेच दुःख होतं. भाऊजींनी मधेच वाजवणं थांबवलं. फोनकडे बघितलं, म्हणजे साहेबांकडेच बघितलं म्हणा. मग त्या पाच खुर्च्यांकडे. मला वाटलं आता ते मला बंद करायला सांगणार. त्यांनी टाय सैल केला, उठले आणि म्हणाले, "चला रे."

"कुठं, मास्तर?"

"कुठं म्हंजे? वरातीत!"

पाचही जण फाटकातून बाहेर पडले. ताशेवाल्याचं पाऊल रस्त्यावर पडलं आणि त्याच पावलावर ठेका उभा राहिला. फोन हलवला असता तर रेंज गेली असती, म्हणून जगाला दिसत होत्या पाच रिकाम्या खुर्च्या, पेरूच्या सावल्या आणि इकडून तिकडे निवांत फिरणारी शेजारची कोंबडी. पण ऐकू येत होतं, ते मी आजवर ऐकलं नव्हतं. मंडळी वळणावर गेली तसा आवाज बारीक झाला, गावच्या तळ्याच्या, बोडीच्या, पाळीवर चढली तसा पाण्यावरून गोल होऊन परत आला. मधोमध सॅक्सोफोन चाल सोडून निघाला, एकटाच, घाई न करता, आणि ताशा त्याच्या मागे राहून त्याला सांभाळत होता. कुणीतरी लिहिलं, "कलाकार कुठे गेले?" मी टाइप केलं, "येत आहेत." ते आले. घामाघूम, टाय पाठीवर गेलेले, आणि चाल बरोबर घेऊन आले.

थोड्या वेळाने कलकत्त्याहून फोन आला. मी स्पीकर लावला. साहेबांचा आवाज फार थकलेला होता. त्यांनी भाऊजींबद्दल अक्षर काढलं नाही. विचारलं, "वो ताशा कौन बजाता है?"

"अपना ही आदमी है, साहब."

"समय पकड़ना जानता है. किसने सिखाया?"

भाऊजी पाठीवर गेलेला टाय पुढे घेऊ लागले. मग ताशेवालाच पुढे वाकून म्हणाला, "इन्होंने ही सिखाया, साहब. बारात में. चलते चलते."

मग साहेब म्हणाले, "कल फिर बजाना."

डॉक्टरकडे जायचं होतं ते दुसऱ्याच दिवशी. भाऊजी गेले नाहीत. "दात कुठं पळून जाऊन राहिले?" म्हणाले, आणि रोज संध्याकाळी पेरूखाली उभं राहून फोनवर वाजवत राहिले. शेवटी एक दात आपणहून पडला तेव्हा नाइलाज झाला. आता कवळी बसली आहे. तिच्यावर नळी टिकत नाही, वरचे सूर निसटतात, आणि चाल बाहेर पडली तरी फार लांब जाऊ शकत नाही. मंडळी लग्नांना त्यांच्याशिवाय जातात.

खालचे सूर मात्र लागतात. भाऊजी रोज संध्याकाळी कलकत्त्याला फोन लावतात, तेवढेच सूर वाजवतात, आणि पलीकडून साहेब खाटेच्या लोखंडी दांडीवर चमच्याने ताल देतात. तेवढं अजून चालू आहे.