पाय लावण्याआधी

"झोपेत मान अशी मोडत नाही," असं म्हणत डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला.

मणक्यांची रांग मलाही दिसत होती. एक मणका खालच्या मणक्यावरून पुढे सरकला होता. डॉक्टर त्याला सर्व्हायकल फ्रॅक्चर-डिसलोकेशन म्हणाले. म्हणजे मानेचा मणका मोडलाय आणि जागेवरूनही हललाय. त्याच्या मागून मज्जारज्जू जातो, मेंदूचे हुकूम हातापायांपर्यंत नेणारा, आणि तो दाबला जातोय. आई म्हणाली, पण तो तर चालत आलाय. "म्हणूनच आता त्याला चालू द्यायचं नाही," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी ओमला तिथेच आडवा केला.

ओम माझा धाकटा भाऊ, एकोणीस वर्षांचा. अंगात भोवरा घेऊन जन्मलेला. जेवतानाही त्याचा एक पाय दाराकडे असतो. त्या दिवशी सकाळी तो मान आखडून उठला आणि म्हणाला, उशी वाकडी झाली होती. आईने तेल गरम केलं. ओमने हात लावू दिला नाही.

इथे मला माझ्याबद्दल एक सांगायला हवं. मी पायाळू आहे, म्हणजे पायांकडून जन्मलेली. पायाळू माणसाने पाठीला पाय लावला की उसण जाते, असं आमच्या चौलमध्ये सगळे मानतात. मी पतसंस्थेत नोकरी करते, संगणकावर बसते, तरी रविवारी कोणी ना कोणी कमरेवर हात ठेवून अंगणात उभा असतोच. मी हसते, पाय लावते, माणूस बरं वाटलं म्हणून जातो. माझं काही जात नाही.

त्या दिवशी संध्याकाळी ओमही आला. पडवीत पालथा झोपला आणि म्हणाला, "ताई, जरा मानेला पाय लाव ना."

मी त्याला चिडवलं. फुकट नाही, वडापाव आण म्हटलं. भिंतीला हात टेकून मी उजवा पाय उचलला. तेवढ्यात तो चटईत तोंड खुपसून म्हणाला, जपून लाव, हाताला मुंग्या येतायत. उसण भरलेल्या माणसाच्या हाताला मुंग्या आलेल्या मी कधी ऐकल्या नव्हत्या. पाय खाली घेतला. तो उठून बसल्यावर पाण्याचा तांब्या त्याच्या हातात दिला, तर तो त्याच्या बोटांतून सुटला. तांब्या गडगडत पायरीपर्यंत गेला आणि मी रिक्षा बोलवायला धावले. मान-पाठीचं असं काही असेल तर रिक्षाही नको, हे मला नंतर कळलं.

अलिबागच्या डॉक्टरांनी मुंबईला न्यायला सांगितलं. रस्त्यावरचे खड्डे त्याच्या मानेला चालणार नव्हते, म्हणून रुग्णवाहिका मांडव्याहून रो-रो बोटीवर चढवली. ओमच्या गळ्यात हार्ड कॉलर, म्हणजे मान जराही हलू न देणारा कडक पट्टा. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, कपाळावर चिकटपट्टी. त्याला फक्त गाडीचं छप्पर दिसत होतं. बाबा पुढे ड्रायव्हरशेजारी बसले होते. मला एका जागी बसवेना. मी त्याचा पट्टा तपासत होते, चादर सारखी करत होते, पुन्हा पट्टा तपासत होते.

"ताई, उशी न्हाय," तो हळूच म्हणाला. "जेटीवरनं उडी मारली."

मग सगळं बाहेर आलं. जुन्या जेटीवरून पोरं सूर मारतात आणि एकजण मोबाईलवर ते टिपतो. मान आखडायच्या आदल्या दिवशी ओमने भरतीची वेळ मोबाईलमध्ये बघून घेतली होती. पण अष्टमी होती, भांगाची भरती. पौर्णिमेच्या उधाणाला जेवढं पाणी चढतं तेवढं त्या दिवशी चढणारच नव्हतं. समुद्राकाठी वाढलेल्या पोराला हे सांगावं लागतं, याची मला तिथेही चीड आली. त्याचं डोकं तळाच्या चिखलात रुतलं. मित्रांनी दंडाला धरून ओढून काढलं, तो स्वतःच्या पायांवर उभा राहिला, म्हणून सगळे हसले. बाईक चालवत घरी आला. रील मात्र टाकली नाही, कारण उडी वाकडी आली होती.

मी म्हटलं, आधी का नाही बोललास. तो म्हणाला, बाबा बाईकची चावी काढून घेतील. पुढे म्हणाला, त्यांना नको सांगू. मी म्हटलं, बाबांना नको असेल तर नको, पण डॉक्टरांना सांगणारच.

मुंबईत एमआरआय झालं. हाडांमागची मऊ नस, सूज, रक्त, सगळं दाखवणारी ही तपासणी. आत ठकठक आवाज येतो आणि अजिबात हलायचं नसतं. उडीचं ऐकून मोठ्या डॉक्टरांनी मान हलवली. म्हणाले, आता धक्का कुठून बसला ते कळलं, डोक्याचंही सीटी करू. मी त्यांना बाजूला घेऊन विचारलं, याच्या मानेवर कोणी पायाने दाब दिला असता तर?

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "मग आज आपण वेगळं बोलत असतो," ते म्हणाले.

भिंतीला धरून मी बाकापर्यंत गेले आणि बसून स्वतःच्या पावलांकडे बघत राहिले. कितीतरी जणांच्या पाठीवर ठेवलेली पावलं ती. मला भयंकर भीती वाटली आणि ती अजून पुरती गेलेली नाही.

ऑपरेशन मानेच्या पुढच्या बाजूने केलं. मोडलेल्या जागी छोटी पट्टी आणि स्क्रू. त्याआधी डॉक्टरांनी सही घेताना सांगितलं होतं की हात किती परत येईल हे कोणी सांगू शकत नाही. थिएटरबाहेर मी येरझारा घालून घालून एका मावशींना वैताग आणला. त्यांनी मला हाताला धरून बसवलं, मी पुन्हा उठले. बाहेर आल्यावर ओमचा आवाज घोगरा झाला होता, गिळताना दुखत होतं, पण पाय हलत होते. डाव्या हाताची मूठ मात्र वळत नव्हती.

बाबांना शेवटी ओमनेच सांगितलं. बाबा टेम्पो चालवतात, आवाज तसाच मोठा. ते खाटेशेजारी स्टूल ओढून बसले. मग त्यांनी विचारलं, "सांगितला असतास तर मी मारला असता का रं तुला?"

"व्हय," ओम म्हणाला.

बाबा बाहेर गेले. परत आले तेव्हा डोळे लाल होते.

घरी आल्यावरचे दिवस अवघड होते. कॉलरच्या आत खाज सुटायची आणि तो आम्हा सगळ्यांवर खेकसायचा. शर्टाची बटणं आई लावायची, ते त्याला सगळ्यात जास्त लागायचं. फिजिओथेरपी, म्हणजे हाताला व्यायामाने पुन्हा शिकवणं. त्यासाठी ताटात वाल घेऊन एकेक उचलायचा. वाल निसटला की तो ताट ढकलायचा. थोड्या वेळाने स्वतःच पुढे ओढायचा.

हे वाचणाऱ्यांच्या घरात असं पोर असेल, तर एवढं ऐका. उडी, बाईक, झाड, काहीही असो, पडल्यावर मान दुखली आणि हातापायांना मुंग्या आल्या, तर चोळू नका, उठवू नका, पाय लावू नका. आहे तिथे सपाट राहू द्या आणि रुग्णवाहिका बोलवा. आणि काय झालं ते ओरडण्याआधी विचारा.

शेवटच्या तपासणीला डॉक्टरांनी कॉलर काढली. मूठ वळते आता, जोर थोडा कमी आहे. परतताना आम्ही तिघे बोटीच्या कठड्याशी उभे होतो. मांडवा जवळ येत होता. ओम पाण्याकडे बघत होता. म्हणाला, "बाबा, मला अजून वाटतं उडी मारावी."

एवढं सगळं होऊन हा असं बोलतो, म्हणून तोंडाशी आलेलं मी कसंबसं गिळलं. बाबांचा हात कठड्यावर घट्ट झालेला मला दिसला. ते ओरडणार, अशी माझी खात्री होती.

"उडी मारताना कसं वाटतं," बाबांनी विचारलं, "सांग."

ओम सांगू लागला. मांडव्याचा धक्का येईपर्यंत बोलत होता आणि बाबा ऐकत होते.