पेटीवाल्याचे कॉर्ड

पेटी मला लहानपणापासून यायची, आणि तीच माझ्या मुळावर आली. नायगावच्या आमच्या बिल्डिंगमध्ये गुरुवारच्या भजनाला पेटीवर मीच. गाणारा जाईल तिथे बोटं न्यायची, एकही सूर सोडायचा नाही, एवढंच मला शिकवलेलं. त्यामुळे वसईच्या एका लग्नाच्या बँडला कीबोर्डवाला हवाय असं कळल्यावर मी छाती पुढे काढून गेलो.

बँड चालवणारे अंकल पाचूबंदरला बोटींची इंजिनं दुरुस्त करायचे आणि लग्नांत गिटार वाजवायचे. पहिल्याच गाण्याला त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"अरे, एकेका सुराला नवीन कॉर्ड? लोकांनी नाचायचं कसं?"

गाण्याच्या प्रत्येक सुराला मी तीन सूर एकदम दाबून नवा कॉर्ड धरत होतो आणि त्यालाच साथ समजत होतो. ते म्हणाले, "गानारा फिरू दे की. तू घरात बस. घर बदललं तरच ऊठ."

मग रविवारी चर्चमधली मिस्सा झाली की त्यांच्या ओटीवर माझी शाळा. कीबोर्ड बंद. त्यांनी गिटार वाजवायची आणि कॉर्ड बदलला की मी फक्त तोंडाने "बदललं" म्हणायचं. मी! ज्याने भजनाच्या बुवांना साथ केली! वर तेही चुकायचं. डोकं असं सटकलं की दोन रविवार गेलोच नाही.

तिसऱ्या रविवारी अंकलच आमच्या घरी आले. आईने दिलेला चहा संपवला आणि म्हणाले, "जानेवारीत पोरीचं लगीन हाय. आमच्यात नवरी बापाबरोबर एक गानं नाचते. गानार माझी बहीन. ती मनाला येईल त्या पट्टीत सुरू करते. तिच्यामागं कॉर्ड सांभाळनारा मी एकटा, आनि सीझनमध्ये दुसरा वादक मिळत नाय. तू शिकलास तर मी स्टेजवरनं खाली उतरीन. नाय तर पोरगी नाचेल काकाबरोबर."

पुढच्या रविवारी नाक मुठीत धरून गेलो.

ते म्हणाले, चाल ऐकू नकोस, खालचा जाड सूर ऐक. तो कुठे बसतो, कधी उठतो. हळूहळू कळायला लागलं. सा धरून मोजायचं: पहिला कॉर्ड म्हणजे घर. चौथ्यावर गाणं मोकळं होतं. पाचव्यावर ते दारात येऊन थांबतं, त्याला आत घेतल्याशिवाय चैन पडत नाही. पट्टी कुठलीही असो, अंतर तेच. आणि अर्ध्याअधिक गाण्यांची वाट हीच! इतकी वर्षं कान होते की भोकं, असं वाटलं. गणपतीत आरती चालू असताना माझ्या तोंडून मोठ्याने "बदललं" निघालं, तेव्हा शेजारच्या काकूंनी निरांजन हातात धरून माझ्याकडे असं पाहिलं की विचारू नका.

लग्नाच्या दिवशी मी स्टेजवर कीबोर्डपाशी. अंकल सूट घालून खाली उभे, हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळेना. अंकलच्या बहिणीने, म्हणजे नवरीच्या आत्याबाईंनी, सुरुवात केली. काळी दोन की पांढरी तीन, देव जाणे. पहिली ओळ मी नुसती ऐकली. गाणं टेकलं तिथे घर धरलं आणि वाजवायला लागलो. दुसऱ्या कडव्यात चौथ्याऐवजी पाचव्यावर गेलो. अंकलनी झटकन स्टेजकडे पाहिलं, पाय थबकले. मुलीने त्यांची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं. मला इतकी लाज वाटली! पुढच्या ओळीला मी बोटं आवरली, खालचा सूर ऐकत राहिलो, आणि चौथा बरोबर त्याच्या जागी आला. अंकलनी परत वर पाहिलं नाही.

गाणं संपल्यावर मात्र ते सरळ स्टेजपाशी आले. आता सगळ्यांदेखत चूक काढणार म्हणून माझे कान तापले.

"परत घे," ते म्हणाले. "तिची आई माझ्याबरोबर नाचायला थांबलीय. आमच्या लग्नात पन मीच वाजवत होतो."

आत्याबाईंनी या वेळी पट्टी आणखी वर लावली. लावू दे म्हटलं.