शिबिरात काढलेली दाढ

आंदर मावळात बैलगाडा शर्यतीला जाणाऱ्या माणसाला श्रीपतीचा आवाज ठाऊक नाही, असं व्हायचं नाही. समालोचनाचा माइक हातात घेतला की गाडामालकाच्या पणज्यापासून सगळ्यांचा उद्धार करणारा गडी! तोच आता पेल्यातनं नाचणीची पेज ओढतो, तीही गालावर रुमाल दाबून, कारण गालाला भोक पडलंय आणि पेज तिथूनही गळते. कसले दिवस आले बघा.

चार वर्षांपूर्वी तंबाखूनं गालफडात गाठ केली. पुण्यात ऑपरेशन झालं, मग तेहतीस दिवस किरणांचा शेक दिला. कॅन्सर गेला, पण जबडा आखडत चालला. डॉक्टरीणबाईंनी आइस्क्रीमच्या काड्या दिल्या. दातांत एकेक काडी वाढवत रोज तोंड उघडायचं. श्रीपती गोठ्यात बसून, डोळ्यांतनं पाणी काढत ते करायचा. चौदा काड्यांपर्यंत पोचला होता. बाईंनी आणखी एक गोष्ट बजावली होती. "दात कितीही दुखू दे, आम्हाला विचारल्याशिवाय काढायचा नाही. शेक लागलेल्या हाडाला रक्त पोचत नाही, जखम भरत नाही. कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तरी आधी शेकाचं सांगा." श्रीपतीला ते नीट समजलं होतं. उगाच अडाणी म्हणून त्याला सोडून देऊ नका.

घरात मात्र त्या आजाराचं नाव कुणी घेत नसे. बायको, रतनबाई, 'दाढेचं ऑपरेशन' म्हणायची. एकुलती इंदू लग्नाची होती. तसला रोग घराण्यात आहे असं भावकीत पसरलं की स्थळं दारात फिरकायची नाहीत, ह्या धास्तीनं नवराबायकोनं तोंडाला कुलूप घातलं. पोरीवर त्याचा लय जीव.

माघात देवळाच्या मंडपात मोफत दंतशिबिर लागलं. श्रीपतीची खालची दाढ पंधरा दिवस ठणकत होती. पुण्याला जायचं म्हणजे एसटी गाठायलाच दोन तास चालायचं, आणि घरात तर लग्नाची घाई. राहिला रांगेत उभा. मागं वळून बघतो तो भाजे गावचे सखारामभाऊ, इंदूचे होणारे सासरे! लग्नाच्या देण्याघेण्याच्या याद्या करायला आले होते, त्यांचाही एक दात हलत होता.

डॉक्टर पोरगा चांगला होता हो, त्यानं विचारलं. "आधी तोंडाचा काही आजार? किरणांचे उपचार?" गालावरचा व्रण बघून पुन्हा विचारलं. सखारामभाऊ हातभर अंतरावर. हजारो माणसांपुढं न अडखळणाऱ्या ह्या गड्याला खरं बोलणं जड झालं.

"न्हाई ओ. बैलानं शिंग मारलं व्हतं."

दाढ निघाली. जखम काही भरली नाही.

वैशाखात लग्न लागलं, तेव्हा त्यानं सगळे फोटो फेट्याचा शेमला तोंडाशी धरून काढले. नंतर हिरडीतनं पांढरं हाड दिसू लागलं, पू झाला, गाल फुटला. आषाढात एकदा जांभई देताना जबडा आपोआप कडकन मोडला. हाड मेलंय, अर्धा जबडा काढावा लागणार, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, हेच श्रीपतीला जास्त लागलं. त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सखारामभाऊ दवाखान्यात आले. रतनबाईला राहवलं नाही. रडत रडत तिनं सगळं सांगून टाकलं: कॅन्सर, शेक, बाईंनी बजावलेलं, शिबिरातलं खोटं. "तुमाला कळू न्हाई म्हनून केलं ओ, भाऊ. पोरीचं मोडंल म्हनून."

सखारामभाऊ खाटेच्या कडेवर टेकले.

"वयनी, आमाला स्थळ बघायच्या आधीच ठावं व्हतं. पोरगी गुनाची, आमी म्हनलं त्यात काय बघायचं?" मग श्रीपतीकडे न बघता म्हणाले, "त्या दिशी बैलाचं म्हनलात, तवाच कळलं खोटं हाय. डॉक्टरला सांगनार व्हतो. पर चारचौघांत व्याह्याला कसं उघडं पाडायचं? तुमचा मान ऱ्हावा म्हनून गप ऱ्हायलो."

श्रीपतीला बोंब मारायची होती. पण तोंड करंगळीएवढंसुद्धा उघडलं नाही.