भरती बंद

शहर संपून समुद्र सुरू होतो तिथे एक टाकी आहे. अख्ख्या शहराच्या मोऱ्यांचं आणि संडासांचं पाणी फिरत फिरत शेवटी तिथे येतं. टाकीतून एक जाड पाइप समुद्रात गेलेला, आणि पाइपाच्या तोंडाशी लोखंडी दार. ते दार उघडायचं आणि लावायचं, एवढंच काम तो एकतीस वर्षं करत होता. कामावर त्याला सगळे दारवाले काका म्हणत. तसा नाकासमोर चालणारा माणूस. पण या नोकरीत नाकासमोर काय असतं ते विचारू नये.

नियम एकच होता. पाणी ओसरू लागलं की दार उघडायचं, म्हणजे ओहोटी सगळं ओढून आत नेते. भरतीत उघडलं तर अर्ध्या तासात तेच किनाऱ्यावर परत. कारण पाइप फार लांब नव्हता, शहर लहान असताना टाकलेला होता. म्हणून त्याने स्वतःच्या हाताने, बोटभर जाड अक्षरांत दारावर रंगवलं होतं: 'भरती बंद'. त्याच आठवड्यात नोकरी शोधत आलेली दोन माणसं कुंपणाबाहेरूनच ते वाचून परत गेली होती. तेव्हा तो पोट धरून हसला होता.

आता कार्यालयातही तेच शब्द लागले होते, आणि तिथे त्यांचा अर्थ त्या दोघांनी घेतला तोच होता. निवृत्तीचं वय उलटून सात महिने झाले, त्याच्या जागी कुणी येत नव्हतं. "काका, एवढा महिना काढा," असं साहेब दर महिन्याला म्हणत. थकवा अंगात असा मुरला होता, की सकाळी त्याच्याआधी तोच उठून बसलेला असे.

त्याची थोरली बहीण जवळच राहत होती. ताईचे गुडघे गेलेले, त्यात साखर. डॉक्टरांनी सांगितलं, रोज तासभर कमरेएवढ्या पाण्यात चाला. भरतीला समुद्राचं पाणी किनाऱ्यावरच्या पायऱ्यांपर्यंत यायचं, तेव्हा ती कठडा धरून उतरायची. गेल्या वर्षी तिच्या पायाला थोडं खरचटलं होतं. ते चिघळलं. वीस दिवस दवाखाना झाला आणि डाव्या पायाचा अंगठा काढावा लागला. शिंपला लागला असेल, असं ताई सगळ्यांना सांगे. पण तिला खरचटलं त्या मंगळवारी भरतीत, साहेबांच्या हुकमावरून, त्याने तासभर दार उघडं ठेवलं होतं. वीस दिवस तो तिच्या खाटेशी बसला, तिला संत्री सोलून दिली, आणि ओठांपर्यंत आलेलं रोज गिळलं.

बरी झाल्यावर ताई पुन्हा जाऊ लागली. बुटात अंगठ्याच्या जागी कापूस भरायची. रोज संध्याकाळी फोन करायची, "उद्या किती वाजता रे?" तो भरतीचं कोष्टक बघून वेळ सांगायचा. आदल्या संध्याकाळीही त्याने सांगितलं होतं, "साडेआठपर्यंत भरती आहे. निर्धास्त जा."

आणि आज सकाळी साडेसातला पंपवाला जिना चढून वर, दाराच्या चाकापाशी, त्याच्याकडे आला. पंपवाला म्हणजे टाकीवरचा दुसरा माणूस, वयाने निम्मा, जिभेने दुप्पट.

"काका, वरच्या पंपघरातला पंप बसला. तिकडचं सगळं आपल्याकडे सोडलंय. टाकी लाल रेघेला टेकली."

त्याने ताईला फोन लावला. वाजत राहिला. फोन पायरीवरच्या पिशवीत असणार आणि ताई पाण्यात. पुन्हा लावला. मग साहेबांचाच आला.

"काका, दार उघडा."

"भरती आहे, साहेब."

"भरती मलाही कळते. खालच्या गल्लीतून तीन फोन आले. घरात पाणी शिरतंय."

"त्यातला एक माझ्याच घरचा असेल."

"मग वाट कसली बघताय?"

"साडेआठला उघडतो."

"मेमो देईन."

"द्या."

"घरी बसवीन, काका."

"बसवा ना साहेब. सात महिने तेच तर मागतोय."

पंपवाला हसला. तेवढ्यात बायकोचा फोन.

"अहो, मोरीतून वर येतंय. काळंकुट्ट."

"बोळा कोंब."

"बोळ्याने थांबतंय होय? तुमचं ऑफिसच घरी आलंय."

"तासभर काढ कसातरी."

"तासभरात मी पोहायला शिकेन," असं म्हणून तिने फोन ठेवला.

तो स्टुलावर बसला. खाली टाकी श्वास कोंडल्यासारखी गुरगुरत होती. समोर पाण्यात एक खांब होता, त्यावर आकडे. पाणी एकेक आकडा झाकत वर चढत होतं, सावकाश, कुणाच्या बापाची भीती नसल्यासारखं. एकतीस वर्षांत त्याला कधी वाटलं नव्हतं, की दार बंद ठेवायलाही एवढी ताकद लागते. काहीच करायचं नव्हतं, आणि हात दुखत होते.

आठ बत्तीसला खांबावर पाण्याच्या वर ओली रेघ दिसली. पाणी फिरलं. त्याने चाक धरलं आणि नव्वद फेरे फिरवले. शेवटचे वीस पंपवाल्याने.

दुपारी घरी आला तेव्हा दोन्ही खोल्या ओल्या होत्या. गाद्या उंबऱ्याबाहेर, पलंग विटांवर. बायको झाडूने पाणी लोटत होती आणि ताई खुर्चीवर बसून बादलीत फडकं पिळत होती. पायात बूट, त्यांच्यावर प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधलेल्या.

"या," ताई म्हणाली. "शहराची घाण समुद्रात घालतोस, घरची तेवढी राहिली. समुद्र मात्र आज काय सुंदर होता. तळ दिसत होता."

"दार उघडलं नाही मी."

"का?"

"तू पाण्यात होतीस."

बायकोचा झाडू थांबला. त्याने भिंतीला पाठ टेकली. उभं राहवत नव्हतं, आणि बसायला कोरडी जागा नव्हती.

"ताई, तुझा अंगठा शिंपल्याने नाही गेला. त्या दिवशी भरतीत दार उघडलं होतं. मीच."

ताईने फडकं पिळलं. आता त्यातून पाणी निघत नव्हतं, तरी पिळत राहिली.

"मी पाण्यात आहे, हे तेव्हा माहीत होतं?"

"नाही. माझ्या मनातच आलं नाही."

"आणि पाण्यात उतरलेले बाकीचे?"

बायकोने बादली उचलली आणि बाहेर नेऊन ओतली. ते पाणी गटारातून उद्या त्याच्याकडेच येणार होतं.

निघताना ताईने पायांवरच्या पिशव्या सोडल्या, घडी केली. दारात थांबली.

"उद्या किती वाजता?"

"सव्वानऊपर्यंत भरती आहे."

"भरती नाही विचारली. दार?"

"दाराचं मला सांगता यायचं नाही, ताई," तो म्हणाला.

"बरं," ती म्हणाली, आणि कठडा नसलेल्या पायऱ्या भिंत धरून उतरू लागली.