धाकट्याच्या बागेतला पाइप

सकाळी दात घासून झाले की आमचे शेजारी आबा अंगणात उकिडवे बसायचे, झऱ्यावरून येणाऱ्या काळ्या प्लास्टिकच्या पाइपाला कान लावायचे आणि आत चुलीपाशी असलेल्या काकींना ओरडून सांगायचे, “जितो आसा गो!” मग काकी नळ सोडायच्या.

मी घाटावरची. त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशीच्या सुमाराला लग्न होऊन शिरोड्याजवळच्या त्या वाडीत आले. शेजारी कोणीतरी अंथरुणाला खिळलंय आणि ते अजून जिवंत असल्याचीच रोज खबर देतात, असं मला सुरुवातीला वाटलं होतं.

पाइप खरोखरच म्हातारा होता. उन्हानं त्याला तडे गेले होते. आबा प्रत्येक तड्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळायचे, वर काथ्या गुंडाळायचे. पुढे पुढे पाइपापेक्षा पट्ट्याच जास्त दिसायला लागल्या. तुम्ही पाहिलं असतंत तर तुम्हीही तेच विचारलं असतं.

“आबा, नवा का नाही टाकत?”

“हलयलो की गेलो,” आबा म्हणायचे.

त्याचं असं होतं. झरा दोघा भावांचा सामाईक, पण आबांच्या घरी येणारा पाइप धाकट्या भावाच्या बागेतून यायचा, आणि दोघांत एका फणसावरून अबोला. जुना पाइप जागेवर होता तोवर धाकटा गप्प होता. तो एकदा उचलला की नवा टाकायला त्याची परवानगी हवी, म्हणजे त्याच्याशी बोलायला हवं. आबा त्याखेरीज वाटेल ते करायला तयार होते.

गळतीचं पाणी मिळायचं धाकट्याच्या केळींना. त्या इतक्या माजल्या होत्या की त्याची बायको आम्हाला फण्याच्या फण्या आणून द्यायची. आबा आमच्याकडे आले की त्यातलंच एक केळं सोलायचे आणि गंभीर चेहऱ्यानं सांगायचे, “बरा लागता. पाणी माझा मा!”

हे सगळं नुसतं गमतीचंच राहिलं असतं, काकींना दमा नसता तर. पाइप फुटला की खालच्या विहिरीवरून कळशी घेऊन चढण चढावी लागे. आबा कळशीला हात लावायला गेले तर काकी ती हिसकावून घ्यायच्या. “तुमी तुमचो पायप बघा,” म्हणायच्या.

एका श्रावणात झऱ्याला जोर आला आणि पाइप जागोजागी फुटला. पट्टी बांधायला धड जागा उरली नाही. चतुर्थी तोंडावर आली होती. त्याच दिवसांत एकदा काकी चढणीवर मध्येच मटकन बसल्या. कळशी गडगडत खाली गेली. छातीचा नुसता भाता झाला होता, तोंडातून शब्द फुटेना. मी आणि आबांनी त्यांना धरून घरी आणलं. मला आबांचा भयंकर राग आला. मेला कसला हा ताठा!

अबोला असला तरी गणपती दोघांचा एकच, मूळ घरात. तिथली रीत अशी, की आरती झाली की घरातला थोरला हात जोडून देवाला गाऱ्हाणं घालतो आणि त्याच्या प्रत्येक मागण्याला बाकीचे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. आम्ही शेजारीपाजारीही जमलो होतो. आबांनी डोळे मिटले.

“बा देवा म्हाराजा! पोराबाळांक सुखी ठेव रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“घरच्या बायलमाणसांची चढण चुकव रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“धाकट्याच्या बागेतसून नवो पायप जावंदे रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

धाकट्याचा आवाज सगळ्यांत मोठा. दर वर्षीच असायचा. मग त्यानं खाडकन डोळे उघडले.

“दादा, ह्या काय?” कित्येक वर्षांनी तो भावाशी बोलला.

“माका कित्याक इचारतस? देवाक व्हय तूच म्हटलस,” आबा म्हणाले.

सगळं घर हसत सुटलं. माझा राग कुठल्या कुठे पळाला. देवासमोर दिलेला होकार मोडायची त्या घरात कोणाची छाती नव्हती.

गणपती पोचवले आणि दुसऱ्याच दिवशी धाकटा कुदळ घेऊन हजर झाला. तोंड फुगलेलंच होतं. पण चर त्यानं स्वतः खणायला घेतला, आणि आबा वरवर खणताहेत असं दिसताच त्यांच्यावर खेकसला, “खोल मार, उन्हान परत तडकतलो!” नव्या पाइपातून पाणी आलं तेव्हा काकी नळाखाली कळशी ठेवून बसल्या, त्या ती भरून वाहू लागली तरी उठेनात. गळती थांबल्यामुळे धाकट्याच्या केळी मात्र पुढच्या उन्हाळ्यात सुकल्या. ते त्यानं आबांना शेवटपर्यंत ऐकवलं.

आबा गेले, त्यानंतरच्या चतुर्थीला गाऱ्हाणं घालायची पाळी धाकट्यावर आली. त्यानं हात जोडले, “बा देवा म्हाराजा...” इतकंच म्हणाला. पुढचं काही येईना. आम्ही सगळे हात जोडून थांबलो. त्यानं अजून काही मागितलंच नव्हतं, तर व्हय तरी कशाला म्हणणार?

तेवढ्यात माजघराच्या दारातून काकींचा आवाज आला, “व्हय म्हाराजा.”