तिला शिकू द्या

मानकोलीच्या आमच्या गोदामात एक सिस्टीम आहे. कॅमेऱ्यातून माणसांची ये-जा बघून ती मोटारीवर सरकणाऱ्या रॅकच्या जागा आपोआप बदलते. तिच्यावर संशोधन करणारे साहेब, काहीही बिघडलं तरी, चष्मा कपाळावर चढवून एकच म्हणतात, "तिला शिकू द्या." जणू पोर बालवाडीत घातलंय.

काल सकाळी बघतो, तर आगीच्या वेळी बाहेर पडायच्या दारासमोर साबणाचे रॅक.

"ते दार कुणी वापरत नाही ना," साहेब म्हणाले.

पॅकिंगवाली मावशी म्हणाली, "मंग आग लागल्यावर आमी जायाचा कुठं?"

मी म्हटलं, हातानं हलवा. साहेबांनी असा चेहरा केला, जसं मी पोराला कॉपी करायला सांगितलं. मग दिवसभर ते रॅकमागच्या फटीतून अंग चोरत त्या दारातून आत-बाहेर करत राहिले, दार वापरात आहे असं तिला वाटावं म्हणून. आम्ही सगळे कामं सोडून बघत बसलो.

आज दार मोकळं आहे. रॅक आता पिण्याच्या पाण्याच्या टाकीसमोर आहेत, कारण काल साहेबांना बघायच्या नादात तिकडे कुणी फिरकलंच नाही.

त्यांनी चष्मा कपाळावर चढवायच्या आत मी ग्लास घेऊन फटीत शिरलो.